बाबांची गाडी, जहाजाची वेळ

पत्र, थोडक्यात:

«नमस्कार. मी कोथरूडची. फेब्रुवारीत मुलाकडे न्यू जर्सीला जातोय आणि तिथून सगळे मिळून पोर्तो रिकोतल्या सान हुआनहून सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझवर. मुलगा, सून, सव्वातीन वर्षांची नात आणि आम्ही दोघं. जहाज सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सेंट लुसिया आणि बार्बाडोसला थांबणार. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर एकच वाद चालतो. मुलगा म्हणतो, प्रत्येक ठिकाणी जहाजाचीच सहल घेऊ, गाईड असतो, डोक्याला ताप नाही. हे म्हणतात, झेंड्यामागे मेंढरांसारखा फिरायला मी येणार नाही. तिथे आपल्यासारखीच डावीकडून गाडी चालवतात असं कुणीतरी सांगितल्यापासून ह्यांना चारही बेटांवर स्वतः गाडी घ्यायची आहे. वय ६६, चाळीस वर्षं घाटातून गाडी चालवली, एक ओरखडा नाही. सून म्हणते, मी आणि पिल्लू जहाजावरच थांबतो. माझा उजवा गुडघा दुखरा. मला खरं तर बार्बाडोसला केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान बाहेरून तरी बघायचं होतं, माझ्या वडिलांमुळे. पण ते राहू दे. गाडी की सहल, तेवढं सांगा. सहलींची यादी आणि आमचा एक फोटो सोबत पाठवतेय.
— दोन्हीकडून ऐकून घेणारी»

ताई,

तुमच्या यजमानांना ज्यांनी कुणी सांगितलं, त्यांनी चारांपैकी अडीच बेटांपुरतं खरं सांगितलं. बार्बाडोस आणि सेंट लुसिया ही इंग्रजांची जुनी बेटं. तिथे वाहनं डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, अगदी कर्वे रोडवर असतं तसं. सेंट मार्टिनचा एक भाग डच, एक फ्रेंच, तिथे उजवीकडून. आणि सेंट थॉमस हा नमुनाच आहे. १९१७ पर्यंत ते डेन्मार्ककडे होतं, मग अमेरिकेनं विकत घेतलं. रस्त्याची डावी बाजू तशीच राहिली, पण गाड्या अमेरिकेतून येतात, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. चालवणारा गटाराच्या बाजूला बसतो आणि पुढच्या ट्रकला मागे टाकायचं तर समोरून येणारी गाडी आधी शेजारच्याला दिसते. तुमच्या ह्यांना रस्ता ओळखीचा आणि गाडी परकी. मुलाला गाडी ओळखीची आणि रस्ता परका. त्या बेटावर दोघांनीही किल्लीला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत.

तुम्ही चारही बेटांना मिळून एकच उत्तर शोधताय, म्हणून वाद मिटत नाही. आणि तो यजमानांच्या हाताबद्दलचाही नाही. घाटात चाळीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला बार्बाडोसचे रस्ते जड जाणार नाहीत. प्रश्न घड्याळाचा आहे.

जहाज सहाला सुटणार असं छापलेलं असतं तेव्हा सगळ्यांनी परत चढायची वेळ साधारण साडेपाच असते, काही कंपन्यांची त्याहूनही आधी. सकाळी आठला धक्क्याला लागलं तरी परवानग्या, रांगा, लिफ्टसमोरची गर्दी यांत बाहेर पडेपर्यंत पावणेनऊ वाजतात. गाडी ताब्यात घ्यायची, तिचे फोटो काढायचे, कागदांवर सह्या करायच्या, की साडेनऊ. संध्याकाळी पेट्रोल भरून ती परत करायची त्याचा अर्धा तास वेगळा. म्हणजे दहा तासांच्या मुक्कामात स्टिअरिंग हातात राहतं ते जेमतेम सात-साडेसात तास, आणि पोटात भीती नको असेल तर सहाच धरा.

जहाजाची सहल महाग पडते, चाळीस जणांच्या बसमध्ये बसवतात, प्रत्येक थांब्यावर शेवटच्या माणसाचं स्वच्छतागृह होईस्तोवर थांबावं लागतं, हे सगळं यजमान म्हणतात तसंच आहे. पण तिकिटात एक गोष्ट असते जी माहितीपत्रकावर ठळक दिसत नाही: त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी त्यांची. तुमची भाड्याची गाडी अडकली तर थांबत नाही. डेकच्या कठड्याला रेलून उशिरा धावत येणारे प्रवासी बघणं हा क्रूझवरचा फुकटातला करमणुकीचा कार्यक्रम आहे. लोक टाळ्यासुद्धा वाजवतात.

त्या टाळ्या मी खाल्लेल्या आहेत. एका छोट्या बेटावर आम्ही दोघांनीच गाडी घेतली होती. परतीच्या वाटेवर चाक पंक्चर झालं. डिकी उघडली तर स्टेपनी त्याहून मऊ. एका शेतकऱ्यानं आपल्या पिकअपमध्ये ती टाकून नेली, हवा भरून आणली, पैसे घ्यायला तयार नव्हता. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा अकरा मिनिटं उरली होती, आणि माझ्या एका पायात चप्पल नव्हती. तेव्हापासून भाड्याची गाडी घेताना मी आधी स्टेपनी अंगठ्यानं दाबून बघते, मग बाकीचं.

घड्याळाबद्दल आणखी एक. तुम्ही सान हुआनहून निघताय आणि चारही बेटं त्याच वेळेवर चालतात, त्यामुळे तुम्हाला हा घोळ होणार नाही. पण हे वाचणारं दुसरं कुणी उन्हाळ्यात मायामीहून मेक्सिकोतल्या कोझुमेलला जात असेल तर त्यांच्यासाठी सांगते: तिथलं घड्याळ वर्षभर बदलत नाही, मायामीचं बदलतं. जहाज मायामीच्या वेळेवरच राहिलं तर तुमचा फोन चार वाजले म्हणतो तेव्हा जहाजावर पाच वाजलेले असतात. हातात साधं घड्याळ घालावं, ते जहाजावर लावावं आणि फोनकडे बघूच नये.

आता एकेक बेट.

सेंट थॉमसला तुम्हाला ना गाडी हवी ना जहाजाची सहल. धक्क्याबाहेर सफारी टॅक्सी उभ्या असतात: ट्रकच्या सांगाड्यावर बाकं, वर छप्पर, बाजू उघड्या. माणशी भाडं ठरलेलं. मेगन्स बेच्या किनाऱ्यावर जा, नातीला वाळूत सोडा, दोन-तीन तासांत परत. चढायची पायरी उंच असते, तुमच्या गुडघ्यासाठी पुढच्या सीटवर चालकाशेजारी बसायला मागा, सहसा नाही म्हणत नाहीत.

सेंट मार्टिनला चिरंजीवांना गाडी चालवता येईल, पण चालवून काय करणार? बेट ८७ चौरस किलोमीटरचं, हमरस्ते मोजकेच, आणि सिम्पसन बेचा पूल दिवसातून काही वेळा शिडाच्या होड्यांसाठी उचलला जातो. तो उचलला की रस्ता तिथेच थिजतो. जहाजं एकाच दिवशी तीन-चार लागली असतील तर तुम्ही फ्रेंच बाजूचा पाव खायला निघालेले बम्परवर बम्पर बघत बसाल. फिलिप्सबर्गचा किनारा धक्क्यापासून पाण्यातल्या टॅक्सीनं काही मिनिटांवर आहे. सूनबाई जहाजावरच थांबणार म्हणतात ना, त्यांना निदान इथे तरी उतरवा. पिल्लू दमलं की पंधरा-वीस मिनिटांत परत खोलीत.

सेंट लुसिया हे मात्र जहाजाच्या सहलीचंच बेट आहे, आणि इथे मी पूर्णपणे तुमच्या मुलाच्या बाजूनं आहे. जहाज उत्तरेकडे कॅस्ट्रीजला लागतं. बघायचं ते सगळं दक्षिणेकडे सूफ्रिएरला: समुद्रातून सरळ वर आलेले दोन पिटन डोंगर, गंधकाची उकळती कुंडं. मधला रस्ता पश्चिम किनाऱ्याच्या डोंगरातून, वळणावर वळण, एका बाजूला दीड तास धरावा. ताम्हिणी घाट लागोपाठ दोनदा केल्यासारखं समजा, फक्त मागच्या सीटवर सव्वातीन वर्षांची नात आणि तिच्या पोटात सकाळचे जहाजावरचे पॅनकेक. त्यातून पाऊस पडून दरड आली किंवा ट्रक आडवा झाला तर जवळचा दुसरा रस्ता नाही. माझा ठोकताळा असा की जायचं ठिकाण लांब असेल आणि परत यायला एकच वाट असेल, तर त्या वाटेवरची जोखीम जहाजाच्या गळ्यात घालावी. तुम्ही पाठवलेल्या यादीत बोटीनं किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली जाणारी सहल आहे, तीच घ्या. पिटन डोंगर पाण्यातूनच जास्त चांगले दिसतात. बोटीत चढायला किती पायऱ्या, एवढं आधी विचारून घ्या.

राहिलं बार्बाडोस. इथे बाबांना गाडी द्या.

बेट ३४ किलोमीटर लांब आणि २३ रुंद, बरंचसं सपाट, रस्त्यांचं जाळं दाट. एक रस्ता चुकला तर दुसरा असतो. चुकणार तुम्ही नक्कीच, कारण पाट्या कमी आहेत आणि आतल्या भागात रस्ता दोन्ही बाजूंच्या उसातून जातो. फेब्रुवारीत तोडणी सुरू असली नसली तरी उभा ऊस असला की वळणापलीकडचं काही दिसत नाही. सांगली-कोल्हापूरकडे गाडी चालवली असेल तर यजमानांना ते नवं नाही. तिथल्या बस थांब्यांच्या पाट्या मात्र सोन्यासारख्या. प्रत्येक थांब्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं, ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’. नकाशा गंडला, फोनची रेंज गेली, की गाडी बाजूला घ्यायची, थांबा शोधायचा आणि ‘शहराकडे’ लिहिलेल्या बाजूनं चालायला लागायचं. ब्रिजटाऊन येतंच, आणि जहाज ब्रिजटाऊनलाच उभं असतं.

भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला एच असतो, त्यामुळे हे पाहुणे आहेत हे सगळ्या गावाला कळतं आणि लोक सांभाळून घेतात. हॉर्नचा अर्थ तिथे वेगळा. छोटा ‘पीप’ म्हणजे ‘या, आधी तुम्ही’ किंवा ‘बरंय, थँक्यू’. यजमानांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच चौकात कुणीतरी प्रेमानं वाजवेल आणि हे काच खाली करून पुणेरी उत्तर देतील. मोठ्या रस्त्यावर एकामागून एक गोल चौक आहेत. आत आधीच फिरणाऱ्याला वाट द्यायची. आपल्याकडे जो आधी घुसेल त्याची वाट असते, तेवढी एक सवय सहा तासांसाठी विमानतळावरच ठेवून यावी लागेल. त्यातल्या एका चौकात तुटलेल्या साखळ्यांसकट हात वर केलेल्या माणसाचा पुतळा दिसेल. गुलामगिरीतून सुटकेचं ते स्मारक, १९८५ साली उभारलेलं. लोक त्याला १८१६ च्या उठावाचा म्होरक्या बुसा याच्या नावानंच ओळखतात. गाडी चालवणाऱ्यानं तिकडे बघू नये, तुम्ही बघा.

कागदपत्रं. पुण्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना निघण्याआधी काढून घ्या, वर्षभर चालतो, अर्जाला पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती लागतात. मूळ लायसन्सही सोबत हवंच. बार्बाडोसमध्ये परदेशी चालकाला वेगळा तात्पुरता परवाना लागतो, तो गाडी देणारेच थोड्या पैशांत करून देतात. गाडी ठरवतानाच चालकाच्या वयाची वरची मर्यादा विचारा. ६६ ला बहुतेक ठिकाणी अडचण नसते, पण तिथे उभं राहून ते कळायला नको. क्रेडिट कार्ड सहसा गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं मागतात, आणि अनामत म्हणून मोठी रक्कम अडकवून ठेवतात. यजमानांच्या कार्डावर परदेशातले व्यवहार सुरू केलेले आहेत ना, हे इथूनच बघून जा. मुलगा म्हणेल, माझ्या गाडीचा विमा आहेच. तो सहसा अमेरिका, तिचे प्रदेश आणि कॅनडा एवढ्यापुरता असतो. बार्बाडोस वेगळा देश आहे, तिथे विमा तिथलाच घ्या. आणि ऑटोमॅटिकच मागा, डाव्या हाताला नकाशा धरायचा असेल.

पण त्या गाडीत पाच जण बसू नका. बाबा आणि तुम्ही, दोघंच. लहान मुलाची सीट, तिची पिशवी, मागून मुलाच्या सूचना, ‘बाबा, हळू’, ‘बाबा, डावीकडे’, यात बाबांचा दिवस जाईल आणि तुमचाही. चिरंजीव आणि सूनबाईंनी पिल्लाला घेऊन कार्लाइल बेवर जावं. पाणी शांत, किनारा शहराला लागूनच. किंवा जहाजाच्या यादीतली हॅरिसन्स केव्हची सहल घ्यावी. त्या चुनखडीच्या गुहेत ट्रामसारख्या गाडीत बसून आत नेतात, नातीला मजा वाटेल. सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे हा हट्ट आपल्याकडे लग्नाच्या बसपासून सुरू होतो आणि क्रूझवरही सुटत नाही. रात्री जेवायला एकत्र बसणारच आहात, तेव्हा प्रत्येकाकडे सांगायला वेगळं काहीतरी असेल.

तुम्हा दोघांची वाट मी अशी आखीन. आधी गन हिल. उंचावरची जुनी लष्करी टेहळणीची जागा, खाली १८६८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्यानं खडकात कोरलेला पांढरा सिंह. तिथून सेंट जॉनच्या चर्चला. ते कड्यावर आहे आणि मागच्या अंगणातून पूर्वेचा सगळा किनारा एका नजरेत येतो. गुडघ्याला त्रास न देता बेटावरचं इतकं मोठं दृश्य दुसरीकडे मिळणं कठीण. मग खाली बाथशिबाला. पाण्यात छत्रीसारखे खडक उभे आहेत, लाटांनी बुडाशी खाल्लेले, वर झाडी. तो अटलांटिकचा समुद्र आहे, ओढ जबरदस्त, तिथे पोहायचं नाही, पाय भिजवायचे आणि बसायचं. जेवण तिथेच. मासे खात असाल तर चैन आहे. शाकाहारी असाल तर मॅकरोनी पाय मागा, चीज घातलेला भाजलेला शेवयांचा वड्यांसारखा प्रकार, पोट भरतं. रमचे फलक वाटेत पावलोपावली दिसतील. त्या दिवशी यजमानांनी ते फक्त वाचावेत. दीडला उठा. परतीला पाऊण तास पुरतो, पण तीनच्या पुढे शाळा सुटतात, मग कचेऱ्या, आणि ब्रिजटाऊनचा रस्ता संध्याकाळच्या सिंहगड रोडसारखा होतो. तीनच्या आत गाडी परत द्यायची, हे यजमानांकडून निघण्यापूर्वी कबूल करून घ्या, शक्यतो सुनेसमोर.

आणि त्यांचा विचार ऐनवेळी बदलला, किंवा कंबर धरली, तर तिसरा मार्ग आहेच: तिथलीच टॅक्सी चार-पाच तासांसाठी ठरवणं. खरं सांगायचं तर दहापैकी सात कुटुंबांना मी हेच सुचवते. वेळेची चिंता चालकाला तुमच्याहून जास्त असते, कारण उद्या पुन्हा दुसरं जहाज येणार आणि त्याला त्याच धक्क्यावर उभं राहायचं असतं. अधिकृत टॅक्सीच्या नंबरप्लेटवर झेड असतो. झेडआर लिहिलेल्या पांढऱ्या व्हॅन वेगळ्या, ते तिथलं वडाप. मोठ्यानं गाणी, माणसं कोंबलेली, गुडघा असताना नको. टॅक्सीला मीटर नसतं, आकडा आधी ठरवायचा. आणि ‘शंभर डॉलर’ म्हटलं की लगेच विचारायचं, कुठले? बार्बाडोसचाही डॉलर आहे आणि दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकी. न विचारता बसलात तर उतरताना दुप्पट भराल, आणि चालकानं तुम्हाला फसवलं असंही म्हणता येणार नाही.

आता तुम्ही ‘ते राहू दे’ म्हणून सोडलेली ओळ, केन्सिंग्टन ओव्हलची.

तुमच्या वडिलांनी काय जपलं होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण वयाचा हिशेब लावला तर १९७१ साली तुम्ही शाळेत असाल. त्या एप्रिलमध्ये ब्रिजटाऊनच्या त्याच मैदानावर गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी १५० काढले आणि दुसऱ्या डावात गावसकर ११७ वर नाबाद राहिले. कर्णधार वाडेकर. कसोटी वाचली आणि पुढे मालिकाही आपली झाली, वेस्ट इंडिजमधली पहिली. त्या वर्षी ज्या घरात पेपरची कात्रणं कापली गेली नाहीत असं मराठी घर शोधावं लागेल. आणि २९ जून २०२४, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, तो तर तुम्हाला मी सांगायला नको. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या, मिलरनं पहिलाच चेंडू उचलला आणि सूर्यानं सीमारेषेवर तो झेल घेतला, आत-बाहेर-आत. मग रोहितनं खेळपट्टीची चिमूट तोंडात टाकली. ते हेच मैदान.

ताई, यासाठी तुम्हाला गाडीही नको आणि सहलही नको. केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर आहे. टॅक्सीनं पाच मिनिटं. बाहेर वेस्ट इंडिजच्या गॅरी सोबर्सचा पुतळा आहे. आत सोडतात का, ते त्या दिवशी दारावर विचारायचं. सामना नसेल तर विनंती करून बघायला काय जातं. गाडी तीनला परत दिलीत की तुमच्याकडे दोन तास उरतात, आणि त्या दोन तासांत मुलानं फोनमधला नकाशा आणि यजमानांनी स्टिअरिंग बाजूला ठेवून तुमच्यामागून चालायचं. उन्हाची छत्री घ्या, फेब्रुवारीतही तिथे ऊन टोचतं.

वडिलांचं एखादं कात्रण घरात असेल तर तेही न्या.

बाकी एकच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत यजमानांच्या डोक्यावर हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची लष्करी छापाची टोपी आहे. तसलंच काही नातीच्या कपड्यांतही असेल तर काढून ठेवा. बार्बाडोसमध्ये सैन्याबाहेरच्या माणसानं तो छाप घालायला कायद्यानं बंदी आहे, अगदी लहान मुलांनासुद्धा, आणि पोलीस तो उतरवायला लावतात. टोपी कोथरूडलाच राहू दे.